सव्वादोन किलोची मेंढ्याची तंगडी आणि 28 लिटरचा ओव्हन: मदत हवी

पर्वरीचा_पुणेकर (3 जुलै, रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. श्रावणाला मोजून तीन आठवडे उरलेत आणि आमच्या फ्रीजरमध्ये मेंढ्याची अख्खी तंगडी झोपलेली आहे.

झालं असं, की एका कोल्ड स्टोअरमध्ये 'आज निम्म्या किमतीत' अशी पाटी दिसली. पिशवीवर लॅम्ब लेग, हाडासकट, न्यूझीलंड वगैरे. पुणेकर निम्म्या किमतीपुढे विरघळतो तसा विरघळलो. घरी आल्यावर बायकोनं एकच प्रश्न विचारला, "हे शिजवणार कशात?" आमचा ओव्हन 28 लिटरचा. तंगडी आडवी, तिरकी, सगळी करून पाहिली, दार लागत नाही. कुकर पाच लिटरचा, त्यातून नडगी बाहेर डोकावते.

खरी भीती वेगळीच आहे. मे महिन्यात अशाच गोठवलेल्या लॅम्बचे अर्धा किलो तुकडे आणून पाकिटातल्या मसाल्याची शागोती (गोव्याचा भाजक्या खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा) केली होती. मसाला बरा होता, पण मटणाला ओल्या लोकरीचा वास, आणि रस्सा जरा कोमट झाला तसा टाळूवर थर धरायला लागला. लेक म्हणाली, "बाबा, मेणबत्ती खाल्ल्यासारखं वाटतंय." तेव्हापासून घरात लॅम्ब हा शब्द जपून वापरावा लागतो.

तर सांगा. मेंढ्याची शागोती होते का, की तो हट्टच सोडावा आणि साहेबी पद्धतीनं भाजावं? आणि तो वास कसा घालवायचा? येत्या रविवारी बेत आहे.

म्हापसेकार (3 जुलै, रात्री 9:52)

पहिला! बाकी सावकाश लिहितो, पण येत्या रविवारी आषाढी एकादशी आहे राव.

पर्वरीचा_पुणेकर (3 जुलै, रात्री 9:55)

बाप रे, वाचवलंत. आई फोनवर असती तर तिनं तंगडी माझीच मोडली असती. मग 13 तारखेचा रविवार.

हुर्राक (3 जुलै, रात्री 10:20)

आधी काजूच्या फेणीची एक बाटली आण. मटणात नाही घालायची, शिजवणाऱ्यानं घ्यायची. दोन पेल्यांनंतर तंगडी आपोआप ओव्हनमध्ये मावते.

निव्वळ_शाकाहारी (3 जुलै, रात्री 10:31)

मी फक्त वाचायला आलोय. फोडणीचे शेंगदाणे घेऊन बसलोय.

सुलभाताई_फोंडा (4 जुलै, सकाळी 7:15)

अरे बाबा, घाबरायचं काय त्यात. मेंढा वेगळा, बोकड वेगळा, एवढं डोक्यात ठेव की निम्मं काम झालं. आपण ज्याला मटण म्हणतो ते गोव्यात बहुतेक वेळा बोकडाचंच असतं. सगळे मसाले, शिट्ट्यांचे सगळे हिशेब त्याच्यावर बेतलेले. तू तोच हिशेब मेंढ्याला लावलास. वर शागोतीच्या वाटणात नारळ भरपूर, त्याचं तेल सुटतंच, आणि तू फोडणीलाही सढळ हातानं ओतलं असशील. मग मेणबत्ती होणारच.

माझी युक्ती सांगते. आदल्या दिवशी संध्याकाळी मटणाला आलं-लसूण, हळद, मीठ लावून तासभर ठेव. मग कांदा आणि पाणी घालून नुसतंच शिजव, मसाला नको. गार झालं की पातेलं फ्रीजमध्ये. सकाळी वर पांढरी चकती आलेली असेल, भाकरीएवढी. ती उचलून टाक. वास बराचसा तिच्यातच गेलेला असतो. खाली राहतो तो निवळ रस्सा, थिजून खरवसासारखा. आता त्यात वाटण.

किलोभर मटणाला एक मध्यम नारळ. खोबरं तांबूस होईपर्यंत भाज, काळं नको. अर्धा कांदा भाजलेला, अर्धा परतलेला. सुक्या मिरच्या आठ-दहा, त्यात निम्म्या हरमलच्या मिळाल्या तर बघ. धने दोन चमचे, बडीशेप एक चमचा, खसखस एक चमचा, मिरी दहा, लवंगा पाच-सहा, दालचिनी, एक चक्रीफूल, जायपत्रीचं एक पान, आणि दगडफूल. दगडफूल विसरलास तर त्याला शागोती म्हणू नको, मटणाची आमटी म्हण. निवडून घे मात्र, त्यात झाडाची साल असते. प्रत्येक जिन्नस वेगळा भाज, खसखस सगळ्यात शेवटी, ती पटकन करपते. आमच्या सासूबाई रगड्यावर वाटायच्या आणि बोटाला गंधासारखं लागलं की मगच उठायच्या. आता मिक्सर आहे, पण पाणी कमी घाल आणि घाई करू नको. चिंचेचं बोरभर बुटुक, आणि उतरवताना जायफळ किसून.

पाकिटातला मसाला कचऱ्यात टाक.

पेडण्याचें_चेडू (4 जुलै, सकाळी 9:02)

सुलभाताई, हरमलची मिरची निम्मी कशाला? सगळी घाला! शागोती मूळची आमच्या पेडण्याची, असं आमच्याकडे लहान पोर पण सांगतं. आणि चिंच आम्ही घालत नाही, नारळ गोड असला तरच थोडी. सोबत वडे हवेत. पोळी-चपाती नको हां.

सुलभाताई_फोंडा (4 जुलै, सकाळी 9:30)

चेडवा, शागोती पेडण्याची असेल, पण चिंच अंत्रुजची, म्हणजे आमच्या फोंड्याकडची आहे. घालणारच.

बेळगावी_कुंदा (4 जुलै, दुपारी 1:10)

चकती उचलून टाक म्हणजे काय? मग मेंढा आणला कशाला, कोबी आणायचा की!

गोव्याचे खाटीक चोर्ला घाट चढून आमच्याकडेच माल बघायला येतात, म्हणून दोन शब्द बोलायचा हक्क आहे. आमच्याकडे धनगरांची मेंढरं डोळ्यांसमोर वाढतात. मेंढ्याची चव चरबीत आहे. ती काढायची नाही, सांभाळायची. रस्सा चुलीवरून थेट ताटात, भाकरी तव्यावरून थेट हातात, आणि जेवताना फोन उचलायचा नाही. थर धरायला वेळच द्यायचा नाही. तुम्ही गोव्यातले लोक गप्पा मारत सुशेगाद दीड तास जेवणार, मग मेणबत्ती पेटणारच.

वासाचं म्हणाल तर तो गोठवलेल्या मालाचा असणार. ताज्या मेंढराला असला वास नसतो.

रसायन_सर (4 जुलै, सायंकाळी 6:45)

दोघंही थोडे बरोबर, थोडे चूक. निवृत्त मास्तर आहे, लांबण लागेल, चालवून घ्या.

बोकड चरबी साठवतो ती पोटात, आतड्यांभोवती आणि मूत्रपिंडांभोवती. मांसाच्या आत आणि कातडीखाली कमी. मेंढा ती कातडीखाली आणि मांसाच्या थरांमध्येही साठवतो. म्हणून बोकडाचे तुकडे कोरडे दिसतात आणि मेंढ्याचे पांढऱ्या रेघांचे.

आता मेणबत्ती. मेंढ्याच्या चरबीत स्टिअरिक आम्ल भरपूर, म्हणून ती उशिरा वितळते आणि लवकर थिजते. तुमची लेक फार चुकलेली नाही, जुन्या काळी मेणबत्त्या याच चरबीच्या करत. टाळूवर थर धरतो तो त्यामुळे.

वासाची गोष्ट निराळी. त्याला कारण काही फांद्या फुटलेली मेदाम्लं, आणि तीही राहतात चरबीतच. जनावराचं वय वाढतं तसा वास वाढतो. साहेबाकडे साधारण वर्षाच्या आतलं कोकरू म्हणजे लॅम्ब, त्यापुढचं हॉगेट, आणि पुरतं वाढलेलं मटन. म्हणजे आपण बोकडाला जो शब्द वापरतो तो मूळचा म्हाताऱ्या मेंढ्याचा. गोठवल्यानं नवा वास येत नाही, पण फार दिवस पडून राहिलं तर चरबी खवट होते. तेव्हा कुंदा यांचाही मुद्दा पूर्ण टाकाऊ नाही.

आणि सुलभाताईंचा रस्सा खरवसासारखा थिजतो तो चरबीनं नव्हे. नडगी, गुडघा इथल्या चिवट पडद्यांत कोलॅजन असतं. ते मंद आचेवर तासन् तास राहिलं की त्याचं जिलेटिन होतं. वरची चकती टाकली तरी ते खाली राहतं. जिवाची चव तिथं असते.

निव्वळ_शाकाहारी (4 जुलै, सायंकाळी 7:01)

सर, फांद्या फुटलेली मेदाम्लं वाचून शेंगदाणे खाली ठेवले.

हडपसरचा_पाहुणा (4 जुलै, रात्री 8:20)

पुणेकर असून मेंढ्याला घाबरता? बोल्हाईचं मटण विसरलात काय! पुण्याच्या पूर्वेला वाडेबोल्हाईला देवीचं ठाणं आहे. देवी मानणाऱ्या घरांत बोकड चालत नाही, फक्त मेंढा. त्यासाठी दुकानांवर 'बोल्हाईचे मटण' अशा वेगळ्या पाट्या असतात. आमच्या घरात तीन पिढ्या बोकडाला कुणी हात लावलेला नाही. माझी बायको सातारची, लग्नानंतर पहिले सहा महिने म्हणायची वास येतो. आता माहेरी बोकड खाल्ला की म्हणते चवच नाही.

सवयीचा भाग आहे. काळं वाटण, सुकं खोबरं, भरपूर लसूण, बाजरीची भाकरी. एवढंच.

पर्वरीचा_पुणेकर (4 जुलै, रात्री 8:48)

@हडपसरचा_पाहुणा, कोथरूडात वाढलो हो. त्या पाट्या पीएमटीच्या खिडकीतून पाहिल्यात आणि इतकी वर्षं मला वाटत होतं बोल्हाई म्हणजे त्या दुकानाची मालकीण.

हुर्राक (4 जुलै, रात्री 8:50)

😂😂 धागा इथंच वसूल.

डब्लिनचा_बाळ्या (5 जुलै, पहाटे 3:12)

मूळचा डिचोलीचा, सध्या आयर्लंडमध्ये. इथं जिकडे बघावं तिकडे मेंढ्या, माणसांपेक्षा शांत. बारा वर्षं लॅम्ब शिजवतोय, तर ऐका.

आधी मावण्याचा प्रश्न. करवत लागत नाही, खाटकाकडेही जाऊ नकोस. तंगडी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दीड दिवस ठेवून विरघळू दे. ओट्यावर ठेवू नको, गोव्याच्या दमट हवेत वरून खराब होते तरी आत दगड राहतो. मग नडगी हातात धरून मागं-पुढं हलव, गुडघ्याचा सांधा कुठं वाकतो ते कळेल. तिथं धारदार सुरी घाल, कोंबडीची तंगडी सोडवतोस तशीच सुटते. झाले दोन भाग. वरच्या जाड मांडीचं हाड सुरीनं कडेकडेनं मोकळं करून काढ, म्हणजे मांस पुस्तकासारखं उघडतं आणि तुझ्या ओव्हनमध्ये आरामात बसतं.

नडगी आणि सगळी हाडं रस्सेदार पदार्थाला ठेव. भाजायला वाया घालवू नको, तिला ओल हवी.

मांडीला रात्री मीठ, लसूण, मिरीपूड. सकाळी 160 डिग्रीला, ट्रेमध्ये कपभर पाणी, वरून फॉईल घट्ट, तीन ते साडेतीन तास. शेवटची वीस मिनिटं फॉईल काढून आच वाढव. काटा घातला की तंतू सुटले पाहिजेत. रोझमेरी हवीच असं नाही, मी एकदा त्रिफळं ठेचून लावली होती. शेजारीण विचारायला आली, हे कुठलं हर्ब?

पावसाळी रात्रीसाठी इथलं सगळ्यात साधं म्हणजे आयरिश स्ट्यू. मानेचे किंवा खांद्याचे हाडासकट तुकडे, बटाटे, कांदे, पाणी, मीठ, मिरी, पार्सली. बस्स. परतायचं नाही, मसाला नाही. निम्मे बटाटे विरघळून रस्सा घट्ट होतो. त्यात गाजर घालायचं की नाही यावरून म्हाताऱ्यांची भांडणं होतात, कट्टर लोक म्हणतात गाजर घातलं की स्ट्यू संपला. मला ऐकताना आमच्या घरची आठवण येते, शागोतीत बटाटा घालायचा की नाही यावरून आई आणि काकी बोलत नव्हत्या.

म्हापसेकार (5 जुलै, सकाळी 8:05)

बटाटा घालायचा. पाहुणे वाढले की बटाटे वाढतात, हे म्हापशात लहान मुलांना माहीत असतं.

पेडण्याचें_चेडू (5 जुलै, सकाळी 8:11)

शीऽऽ. बटाटा नाही आणि टोमॅटो तर मुळीच नाही. हल्ली खानावळीत शागोती म्हणून लाल पाणी देतात ते टोमॅटोचंच.

सुलभाताई_फोंडा (5 जुलै, सकाळी 8:40)

टोमॅटोच्या बाबतीत चेडवाच्या बाजूनं. बटाट्याबद्दल मौन, आमच्याकडे पाहुणे फार असतात.

अडगुलं_मडगांव (5 जुलै, सकाळी 10:25)

मस्त धागा. एक अवांतर. पर्यटक मेनूकार्डावर एक्सनं सुरू होणारं नाव (Xacuti) बघून 'एक झकुटी द्या' म्हणतात, आमचा वेटर बिचारा हसू दाबत आत जातो. पोर्तुगीजमध्ये एक्सचा उच्चार श होतो म्हणून ती शागोती एक्समध्ये जाऊन बसली. शेल्डें गावाचंही तेच.

बाळ्यांचा स्ट्यू वाचून आठवलं. पोर्तुगालच्या दक्षिणेला आलेंतेजू म्हणून भाग आहे, तिथं कोकराचा एक रस्सा करतात, एन्सोपादु. पसरट ताटात शिळ्या पावाचे जाड काप मांडायचे आणि वर रस्सा ओतायचा, लसूण, तेजपान, थोडं व्हिनेगर असलेला. पाव फुगून मऊ होतो. ईस्टरला तिकडे कोकरू हवंच. आमच्या शेजारच्या आवेंच्या (आजी हो) घरात त्या पद्धतीचं काहीतरी व्हायचं, पण बोकडाचं, आणि व्हिनेगर माडाच्या सुरेचं. पाव म्हणजे कालचा उंडो. मी तिथंच शिकलो की रस्सा पातळ असला तर ताज्या पावापेक्षा शिळा बरा.

म्हणून चेडवाचे वडे मान्य, तरी माझं मत पोयीला. कोंड्याची, आतून पोकळ, पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा वाजला की धावत जाऊन आणलेली. पोयीच्या पोकळीत शागोतीचं घट्ट वाटण भरायचं आणि उभ्यानं खायचं.

बेळगावी_कुंदा (5 जुलै, सकाळी 11:00)

पदेर अजून येतो तुमच्याकडे? भाग्यवान.

अडगुलं_मडगांव (5 जुलै, सकाळी 11:06)

येतो. सायकलची स्कूटर झाली, भोंगा तोच.

दुबईकर_दिवाडी (5 जुलै, सायंकाळी 4:30)

मी दिवाडीचा, नोकरीला दुबईत. इथं लॅम्ब ढिगानं मिळतं, बोकडापेक्षा सहज. अडचण खसखशीची. इथं खसखस बंदी असलेल्या मालात मोडते, बॅगेत सापडली तर थेट अंमली पदार्थांचं प्रकरण. आई दर वेळी मसाला बांधून देते आणि मी दर वेळी विमानतळावर जाण्याआधी पुडी उघडून वास घेतो, तिनं घातली तर नाही ना. गल्फला येणाऱ्या कुणालाही शागोतीचा तयार मसाला देऊ नका, कृपा करून.

मी खसखशीऐवजी काजू घालतो. दाटपणा येतो, ती भाजकी चव येत नाही. कुणाकडे दुसरा उपाय?

सुलभाताई_फोंडा (5 जुलै, सायंकाळी 5:12)

पांढरे तीळ भाजून घाल, काजूपेक्षा जवळ जातात. अगदी थोडे, अर्धा चमचा, नाहीतर कडवट लागतं. आणि आईला सांग, फोंड्याच्या ताईनं विचारलंय म्हणून.

दुबईकर_दिवाडी (5 जुलै, सायंकाळी 5:20)

देव बरें करूं, ताई.

शिट्टी_मोजणारा (7 जुलै, दुपारी 12:15)

एवढं सगळं झालं, पण किती शिट्ट्या ते कुणीच सांगितलं नाही.

म्हापसेकार (7 जुलै, दुपारी 12:40)

पाच.

पेडण्याचें_चेडू (7 जुलै, दुपारी 12:41)

तीन आणि मग मंद.

बेळगावी_कुंदा (7 जुलै, दुपारी 1:30)

चुलीवर पातेलं, वर पाण्याचं ताट. शिट्टी रेल्वेला.

रसायन_सर (7 जुलै, दुपारी 2:05)

शिट्टी हे माप नव्हे. कुकरमध्ये तापमान 120 डिग्रीच्या आसपास जातं, महत्त्वाचं ते की तिथं किती वेळ राहतं. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून मिनिटं मोजा. कोवळ्या लॅम्बच्या तुकड्यांना पंधरा-अठरा मिनिटं पुष्कळ, नडगीला पस्तीस. कोवळ्या मांसाला जुन्या बोकडाएवढ्या शिट्ट्या दिल्या तर तंतू पिळून कोरडे होतात आणि सगळी चरबी रश्शात उतरते. पुणेकरांचं मे महिन्यात हेच झालं असावं. किती शिट्ट्या केल्या होत्या?

पर्वरीचा_पुणेकर (7 जुलै, दुपारी 2:30)

सर… आठ.

हुर्राक (7 जुलै, दुपारी 2:31)

आठ शिट्ट्यांत मडगावहून थिवीला गाडी पोचते.

पर्वरीचा_पुणेकर (14 जुलै, रात्री 10:05)

मंडळी, वृत्तांत. कालचा रविवार, पाऊस धो धो.

शुक्रवारी सकाळी तंगडी फ्रीजमध्ये उतरवली. शनिवारी संध्याकाळी बाळ्यांच्या सांगण्याप्रमाणे नडगी हलवून सांधा शोधला. पहिल्या दोन वेळा सुरी हाडावर आपटली, तिसऱ्यांदा खरंच सुटली. बायको बघत होती, म्हणाली लग्नानंतर पहिल्यांदाच तुझ्या हातून काहीतरी नीट सुटलं. नडगी आणि कडेचे तुकडे मिळून किलोभर निघालं. ते सुलभाताईंच्या पद्धतीनं आदल्या रात्री शिजवून फ्रीजमध्ये. सकाळी झाकण काढलं तर चकती! भाकरीएवढी नाही, चपातीएवढी. कुंदासाहेबांच्या सन्मानार्थ पावभर ठेवली, बाकी काढली.

वाटणाला दोन तास लागले. खसखस एकदा करपली, टाकून पुन्हा भाजली. दगडफूल पणजीच्या बाजारात मिळालं. हरमलची मिरची नाही मिळाली, विकणाऱ्या बाईंनी दुसरीच मिरची हरमलची म्हणून द्यायचा प्रयत्न केला आणि मग स्वतःच हसल्या. चिंच घातली. चेडवा, माफ कर.

मांडी अकरा वाजता ओव्हनमध्ये, 160 वर, फॉईल घट्ट. साडेबाराला लाईट गेली. पर्वरीत पावसाळ्यात लाईट जाणं ही बातमी नाही, पण मी ते गृहीतच धरलं नव्हतं. अर्धा तास वाट पाहिली. पाहुणे सव्वादोनला येणार. मांडी अर्धी शिजलेली, वरून पांढरट, आतून रबर.

शेवटी ट्रेमधलं पाणी आणि मांडी जाड बुडाच्या पातेल्यात टाकली. चार कांदे उभे चिरून, बटाटे, बारा-पंधरा लसणीच्या पाकळ्या, मिरी, तेजपान, आणि अडगुलंसाहेबांचं वाचलेलं आठवून माडाचं व्हिनेगर दोन चमचे. वर झाकण, झाकणावर पाणी, गॅस बारीक. लाईट आली साडेतीनला, तोवर ओव्हनची कुणाला आठवणही राहिली नव्हती.

शागोती चांगली झाली. वास नाही, मेणबत्ती नाही, लेकीनं दोनदा वाढून घेतलं. पण खरं सांगू? त्या पातेल्यातल्या अपघातावर सगळे तुटून पडले. मांस चमच्यानं तुटत होतं, बटाटे अर्धे विरघळलेले, रस्सा ओठांना चिकटत होता. सासरे तर वाडगं पोयीनं पुसून घेत होते आणि मधेच म्हणाले, हे आपल्यातलं नाही ना, मग बरं कसं लागतंय?

फोटो काढायचा राहिला. अंधार होता.

निव्वळ_शाकाहारी (14 जुलै, रात्री 10:11)

फोटोशिवाय पाकृ बाद.

डब्लिनचा_बाळ्या (14 जुलै, रात्री 10:40)

व्हिनेगर घातलंस म्हणून आयरिश म्हणता येणार नाही. बाकी तोच. गाजर घातलं नाहीस ना?

अडगुलं_मडगांव (14 जुलै, रात्री 10:44)

बाळ्या, तो एन्सोपादु आहे. व्हिनेगर, लसूण, तेजपान आणि पाव. आमचा.

बेळगावी_कुंदा (14 जुलै, रात्री 11:02)

पावभर चकती ठेवलीत, तेवढंच पुण्य. मेंढा कुठल्याही नावानं वाढा, गरम वाढा.

सुलभाताई_फोंडा (15 जुलै, सकाळी 6:50)

खसखस पुन्हा भाजलीस म्हणजे शिकलास. बहुतेक लोक करपलेलीच वाटतात आणि मग मसाला कडू म्हणून मला फोन करतात. व्हिनेगरचं मी एकदा करून बघते, आमच्याकडे माडाचं घरचंच आहे. दीप अमावास्येच्या आत करायला हवं.

निव्वळ_शाकाहारी (27 जुलै, सायंकाळी 5:30)

धागा वर काढतोय. श्रावण लागला, आता बोलायची पाळी माझी. सुलभाताईंचं वाटण जसंच्या तसं घेऊन अळम्यांची (अळंबीची) शागोती केली. रोयणीवरची (वारुळावरची) अळमी रस्त्याकडेला मिळाली, कुड्याच्या पानात बांधलेली. भाव विचारून आधी पाठ फिरवली, मग दहा पावलांवरून परत आलो. मटण न खाणाऱ्याला दगडफुलाचा उपयोग आज कळला.

रसायन_सर (27 जुलै, सायंकाळी 6:10)

छान. फक्त अभयारण्यातली काढलेली घेऊ नका, आणि ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. आणि अळम्यांना फक्त सात-आठ मिनिटं. शिट्टी नकोच.

पेडण्याचें_चेडू (27 जुलै, सायंकाळी 6:15)

चिंच घातलीस?

निव्वळ_शाकाहारी (27 जुलै, सायंकाळी 6:16)

नाही गे बाय.

पेडण्याचें_चेडू (27 जुलै, सायंकाळी 6:16)

शहाणो.

पर्वरीचा_पुणेकर (27 जुलै, रात्री 9:20)

मांडीचं हाड अजून फ्रीजरमध्ये आहे, पिशवीत गुंडाळून. आई पुढच्या आठवड्यात पुण्याहून येतेय, श्रावणभर राहणार. पिशवीवर 'मटार' लिहून ठेवलंय. चवथीनंतर बघू.